जुना ३६ व्होल्टचा बॅटरी ट्रॅक्टर: चार्जिंगला लावला की झिणझिण्या, बागेत नेला की दम तोडतो

मोसंबी_अंबड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. ओळींमधून शेणखत, फवारणीचा ड्रम आणि छाटणीच्या फांद्या ओढायला जुना बॅटरीवरचा टो-ट्रक घेतलाय. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या ओढायला असतो तोच. वाळूजच्या भंगारातून आणला, मागे नक्षीचे टायर बसवले, हूक वेल्ड करून घेतला. खालच्या फांद्यांखालून सहज जातो, धूर नाही, आवाज नाही. मला ही गाडी मनापासून आवडली आहे आणि ती नीट चालवायची आहे.

आत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ३६ व्होल्ट. सोबत जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर, दोन माणसांनी उचलावा इतका जड.

तक्रारी अशा. रात्रभर चार्ज केला तरी बागेतल्या चढावर लवकरच दम तोडतो आणि बॅटरीची एक केबल हात ठेववत नाही इतकी तापते. मध्ये एकदा पॅडलवरचा पाय काढला तरी गाडी पुढे जात राहिली, मेन प्लग ओढला तेव्हा थांबली. आणि चार्जिंगला लावलेली असताना बोनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातलेली असेल तर कमी, अनवाणी जास्त. गावात सगळे म्हणतात, ३६ व्होल्टने काय होतंय, सोडून द्या. खरंच सोडून द्यावं का?

नर्सरी_बीड

दादा, आमच्या नर्सरीत ई-रिक्षाचा सांगाडा वापरून केलेली ट्रॉली आहे, ४८ व्होल्टची. तिच्या बॅटरीने कधीच झिणझिण्या आल्या नाहीत. तुमचं काहीतरी वेगळं दिसतंय. केबल तापते म्हणजे लग (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) सैल असणार, आमचं तसंच झालं होतं.

निवृत्त_वायरमन_परभणी

मोसंबीवाले, आधी एक काम करा. आत्ता चार्जिंगला लावलेली असेल तर पेटीतला मेन स्विच पाडा, मग पिन काढा. गाडीला हात न लावता. नंतर पुढचं वाचा.

३६ व्होल्ट डीसीने कोरड्या कातडीला सहसा काही जाणवत नाही. तुम्हाला जाणवतंय आणि तेही फक्त चार्जिंगच्या वेळी. म्हणजे ही बॅटरीची वीज नाहीच, २३० ची बाजू कुठूनतरी सांगाड्यावर आलीय. ३६ व्होल्ट म्हणून गाव निर्धास्त आहे आणि माणूस मारणारी वायर भिंतीवरून येतीय, तिकडं कुणी बघत नाही. हे मी नोकरीत लई बघितलं.

मला सांगा, शेडात वीज कशी घेतलीय? मीटर कुठला? न्यूट्रल कुठून येतो? अर्थिंग कुठं आहे? एकेक नीट सांगा.

मोसंबी_अंबड

काका, पिन काढली. शेडात वेगळं मीटर नाही. पंपाच्या पेटीतून एक फेज घेतलाय. शेतावर तीन फेजच येतात, न्यूट्रल येत नाही. म्हणून दुसरी वायर शेडामागे ठोकलेल्या लोखंडी सळईला जोडलेली आहे. गावातल्या एका माणसाने जोडून दिलं, आमच्या भागात बऱ्याच शेडांना असंच आहे. बल्ब नीट लागतो. तीन पिनांच्या सॉकेटचा अर्थही त्याच सळईला आहे.

निवृत्त_वायरमन_परभणी

हाव, मला हेच वाटलं होतं. आता हे सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात अशी शेडं हजारांनी आहेत.

तुमच्या चार्जरचा सगळा करंट फेजमधून येतो, चार्जरमधून जातो आणि सळईतून जमिनीत उतरतो. सळई आणि जमीन यांच्यामध्ये रोध असतो. काळी जमीन ओली असताना तो कमी. उन्हाळ्यात ती भेगाळली, सळईपासून सुटली, खाली हातभरावर मुरूम-खडक लागला की तोच रोध कैक पटींनी वाढतो. समजा १५ ओहम झाला आणि चार्जर ३ अँपिअर घेतोय, तर सळईवर ४५ व्होल्ट उभे राहणार. त्याच सळईला सॉकेटचा अर्थ जोडलेला आहे, आणि अर्थ म्हणजे चार्जरची बॉडी, चार्जरच्या बॉडीला टेकलेला तुमचा ट्रॅक्टर. म्हणजे जी वायर वाचवायला घातली तिनंच गाडीच्या अंगात वीज आणून सोडली.

याहून वाईट पुढं आहे. सळईची वायर गंजून तुटली की चार्जरच्या कॉइलमधून पूर्ण २३० बॉडीवर येतात आणि परत जायला वाट उरत नाही. वाट म्हणजे मग बोनेटला हात लावणारा माणूस.

कुणी म्हणेल ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा. जरूर लावावा, पण असल्या जोडणीत तो आंधळा असतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट मोजतो, फरक पडला की पडतो. इथं माणसातून जाणारा करंटसुद्धा आधी त्याच्या न्यूट्रलच्या टोकातून येऊन मग सळईपाशी फुटतो. त्याला फरक दिसतच नाही. टेस्टचं बटन दाबलं तर मात्र पडतो, म्हणून माणूस बिनधास्त होतो.

आणि त्या सळईजवळ जनावर बांधू नका. गाई-बैलांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, जमिनीतला व्होल्टचा फरक त्यांना माणसाआधी लागतो.

तपासायचं असेल तर पायात रबरी बूट, एक हात खिशात. मीटर एसी व्होल्टवर. एक टोक आधीच क्लिपने सांगाड्याला लावून ठेवा, दुसरं टोक दहा पावलांवर ओल्या आळ्यात खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला. मग लांबून पेटीतला मेन चालू करा, आकडा वाचा, लगेच बंद करा. सॉकेटचे व्होल्टही चार्जर चालू आणि बंद असे दोन्ही घ्या. जमत नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण आकडे इथं टाका.

मोसंबी_अंबड

जालन्याहून इलेक्ट्रिशियन बोलावून त्याच्यासमोर मोजलं.

सांगाडा ते ओलं आळं: चार्जर चालू असताना ४६ व्होल्ट, बंद केल्यावर शून्याजवळ.
सॉकेटमध्ये: चार्जर बंद असताना २२४, चालू असताना १७८.
बॅटरीवर, रात्रभर चार्जिंगनंतर पिन काढण्याआधी घेतलेली जुनी नोंद: ३८.५ व्होल्ट डीसी. त्याच्या वर कधी गेलंच नाही.

मोटार_रिवायंडिंग_लातूर

२२४ मधून १७८ गेले, ४६ उरले. तेच ४६ तुमच्या गाडीवर. काकांनी अंदाज बांधला तसंच निघालं.

आता यातून तुमची पहिली तक्रारही सुटायलीय बघा. सहा बॅटऱ्या म्हणजे १८ सेल. चार्जिंग पूर्ण होताना दर सेलला २.४ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे ४३ च्या वर. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरला नियंत्रण नसतं, आत जेवढं येईल त्या प्रमाणात बाहेर निघतं. १७८ वर तो ३८-३९ च्या पुढं ढकलूच शकत नाही. तुमच्या बॅटऱ्या महिनोन्‌महिने अर्धपोटी आहेत, त्यांच्या प्लेटांवर सल्फेट चढलं असणार. नव्या बॅटऱ्या घ्यायची घाई करू नका, आधी नीट चार्ज होऊ द्या.

दुसरी बाजूही असते. ज्यांच्याकडं रात्री लोड कमी झाल्यावर २५० च्या वर व्होल्ट जातात, त्यांचा असाच चार्जर बॅटरीला सकाळपर्यंत उकळत ठेवतो, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. म्हणून रात्रीच्या लाइनवर चार्जर लावून झोपायचं असेल तर टायमर पाहिजेच.

लातूरकर_अमेरिकेत

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे इथे जनरल इलेक्ट्रिकचा एलेक-ट्रॅक आहे. १९६९ ते १९७५ च्या दरम्यान त्यांनी असे बागेचे विजेवरचे ट्रॅक्टर बनवले. त्यातही हीच रचना, ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, ३६ व्होल्ट. गवत कापायच्या डेकवर प्रत्येक पात्याला स्वतंत्र मोटार. पन्नास वर्षांचं यंत्र अजून रोज काम करतं, कारण आत आहे ते सगळं पान्याने उघडता येतं.

माझ्या अनुभवातून एक महत्त्वाची भर. अशा गाड्यांमध्ये बॅटरीचं कुठलंच टोक सांगाड्याला जोडलेलं नसतं. मोटारगाडीत ऋण टोक बॉडीला असतं, इथे तसं करायचं नाही. दोन्ही टोकं मोकळी असली की एका जागी इन्सुलेशन गेलं तरी मोठा करंट वाहत नाही. दुसऱ्या जागी गेलं की मात्र सरळ शॉर्ट. म्हणून पहिली गळती वेळेत शोधायची.

मीटर डीसीवर ठेवून धन टोक ते सांगाडा आणि ऋण टोक ते सांगाडा असे दोन आकडे घ्या. डिजिटल मीटर फार संवेदनशील, नुसत्या ओलसर धुळीनेही आकडा दाखवतो. मीटरला समांतर एक छोटा ३६ किंवा ४८ व्होल्टचा दिवा लावा. दिवा लावल्यावरही व्होल्ट टिकले तर गळती खरी. आणि आकड्यांवरून जागा कळते: ऋण टोकापासून सांगाड्यापर्यंत १२ आले तर गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीच्या जोडाजवळ शोधायची. बहुतेक वेळा बॅटरीच्या डोक्यावर साचलेल्या ॲसिडच्या थराची वाट असते. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढा, सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका.

भाऊ_वैजापूर

साधा टेस्टर लावून बघितला तर? तो तर काहीच दाखवत नाही मग वीज नाही असंच ना?

निवृत्त_वायरमन_परभणी

नाही भाऊ. टेस्टरमधला निऑन साठ-सत्तर व्होल्टांच्या खाली पेटतच नाही. ३६ वर तो कधीच लागणार नाही आणि त्याच वेळी त्या दोन टोकांवर पाना पडला तर हजाराच्या वर अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, टोक वितळतं. हातात कडं, अंगठी असेल तर ती धातू वितळेपर्यंत बोटात. घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी काढल्याशिवाय बॅटरीच्या पेटीत हात घालायचा नाही. पान्याच्या दांड्याला टेप किंवा रबरी नळी चढवा.

तसंच टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर. साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या केबलवर लावला तर शून्य दाखवतो. डीसी मोजणारा वेगळा येतो, तो मागून आणा.

मोटार_रिवायंडिंग_लातूर

केबल गरम होतीय त्यावर. हातानं चाचपून शोधू नका, मीटरनं शोधा. गाडीला भार द्या, म्हणजे भरलेली ट्रॉली चढाला लावा. एक माणूस चालवेल, दुसऱ्यानं उभ्या गाडीतच मीटरच्या वायरी क्लिपनं लावून घ्यायच्या, चालत्या गाडीत हात घालायचा नाही. प्रत्येक जोडाच्या आरपार व्होल्ट बघा: बॅटरीचं शिशाचं टोक ते लग, लग ते केबल, कॉन्टॅक्टरचं (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) एक टोक ते दुसरं. चांगल्या जोडावर ०.१ च्या आत पाहिजे. १२० अँपिअरला ०.६ व्होल्ट पडत असतील तर ७२ वॅट उष्णता त्या एका बोटभर जागेत जळतीय. हातोडीनं चेपलेले लग काढा, दाबयंत्रानं क्रिंप करून घ्या. शिशाच्या टोकावर थेट लग बसला पाहिजे, मधे वॉशर नको, वॉशर नटाखाली.

त्याच चाचणीत प्रत्येक बॅटरीचे व्होल्टही घ्या. जी ६ व्होल्टची बॅटरी भाराखाली ५ च्या खाली लोळते ती आजारी. सहाच्या सहा बदलायच्या आधी हे केलंच पाहिजे.

भाऊ_वैजापूर

मोटार तपासायला मागची चाकं जॅकवर उचलून फुल पॅडल द्यावं, सोपं पडतं. आमच्याकडे तसंच करतात.

मोटार_रिवायंडिंग_लातूर

भाऊ, चाकं उचलायची हे बरोबर, फुल पॅडल द्यायचं हे फार धोक्याचं. टो-ट्रकमध्ये बहुतेक सिरीज मोटार असते. भार नसला की ती वेग वाढवतच जाते, तिला स्वतःहून थांबायची जागा नसते. आर्मेचरचे (मोटारीचा फिरणारा भाग) पट्टे, कॉम्युटेटरचे (ज्यावर कार्बन ब्रश घासतात तो भाग) तुकडे बाहेर फेकले जातात. माझ्याकडं असं उधळलेलं आर्मेचर दुरुस्तीला आलंय, त्यात दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

चाकं अधांतरी करून फक्त एका बॅटरीवर, ६ व्होल्टवर, क्षणभर फिरवून बघा. फिरली, ठिणगी कमी, आवाज सरळ, एवढं पुरे. बाकी भार देऊन जमिनीवर.

मोटार कुठली हे ओळखायला फील्डची (मोटारीतली न फिरणारी कॉइल) टोकं बघा. जाड तांब्याची, आर्मेचरएवढीच जाड असतील तर सिरीज. बारीक तारेची असतील तर शंट.

लातूरकर_अमेरिकेत

एलेक-ट्रॅकसारख्या गाड्यांत फील्डची वायर बारीक असते. तिथे धोका उलटा येतो: फील्डची ती बारीक वायर निसटली आणि आर्मेचरला पुरवठा चालू राहिला तर मोटार भरधाव सुटते. म्हणून फील्डचे जोड आधी तपासायचे. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावताना ५०० व्होल्टचा लावा, पण आधी बॅटरी आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्सची कार्डं सोडवून. मोटार ते सांगाडा १ मेगाओहमच्या वर पाहिजे.

नर्सरी_बीड

आणि पाय काढल्यावर गाडी चालूच राहिली त्याचं काय? मला तर तेच सगळ्यात भीतीचं वाटलं. नर्सरीत बायका रोपं घेऊन पुढं वाकलेल्या असतात.

निवृत्त_वायरमन_परभणी

ताई, बरोबर बोललात, मी त्यावर यायलोच होतो. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले. व्होल्ट कमी पडले की त्याची कॉइल नीट ओढत नाही, पॉइंट थरथरतात, दर थरथरीला ठिणगी पडते आणि शेवटी दोन्ही वितळून एक होतात. म्हणजे हीसुद्धा त्या सळईचीच कृपा: बॅटरी अर्धवट, कॉइल अशक्त, पॉइंट चिकटले. पॉइंट जोडीनं बदला. घासून गुळगुळीत केलेले फार दिवस टिकत नाहीत.

डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यातून जात नाही, ताणली तरी जळत राहते. म्हणून घरातला एसीचा एमसीबी किंवा पंपाचा स्टार्टर या गाडीत मेन म्हणून बसवू नका, तो उघडूनसुद्धा आत आर्क चालू राहतो. डीसीचा मेन कट-ऑफ चालकाच्या हाताशी, बसल्या जागेवरून ओढता येईल असा. आणि धन टोकापासून अगदी जवळ डीसीवर चालणारा फ्यूज, त्यावर डीसी किती व्होल्ट ते छापलेलं असतं. फ्यूज लांब बसवला तर मधल्या केबलला संरक्षणच राहत नाही.

चालक उठला की वीज तोडणारा सीटखालचा स्विच तुटलेला म्हणून कुणी त्याच्या वायरी थेट जोडून टाकल्या असतील तर तेही काढा, स्विच पुन्हा कामाला लावा.

मोसंबी_अंबड

सगळं वाचून कामाला लागलो. आता जे झालं ते सांगतो.

शेडातली जोडणी काढून टाकली. ट्रॅक्टर आता वस्तीवरच्या घराच्या मीटरवर चार्ज होतो, तिथे खरा न्यूट्रल आहे. अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, आरसीसीबी बसवला. चार्जर चालू असताना सांगाडा ते ओली जमीन: शून्याजवळ. अनवाणी उभं राहूनही काही नाही, पण अनवाणी उभं राहायचं नाही हे आता घरात सगळ्यांना सांगितलंय.

सॉकेटला २२६ टिकले. पहिल्याच सलग चार्जिंगला बॅटऱ्या ४३ च्या वर गेल्या. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायचं साधन) मोजलं, पाच बॅटऱ्यांचे सेल १.२४० च्या वर आले, तिसऱ्या बॅटरीतला मधला सेल १.१३० वरच अडकलाय. भाराखाली तीच बॅटरी ४.६ पर्यंत खाली येते. केबलचा लगही तिथलाच, ०.५ व्होल्ट पडत होते.

एक विचारायचं होतं. ती एक बॅटरी नवी घेऊ का? आणि चार्जिंग गोठ्याच्या आतल्या खोलीत केलं तर चालेल का, पाऊस सुरू होईल आता.

मोटार_रिवायंडिंग_लातूर

नवी कोरी एक घातली तर बाकी पाच तिला ओढत नेतात, ती लवकर जुनी होते. त्याच वयाची, त्याच अँपिअर-अवरची वापरलेली चांगली मिळाली तर ती घाला. आधी हलक्या करंटवर लांब चार्ज देऊन बघा, सल्फेट असेल तर सेल थोडा वर येईल. आला नाही तर तो सेल आतून शॉर्ट असण्याची शक्यता आहे.

निवृत्त_वायरमन_परभणी

बंद खोलीत नको. शेवटच्या टप्प्यात बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. तो हलका, वर पत्र्याखाली साचतो. पुढच्या पडवीत, तीन बाजू मोकळ्या, वर पत्र्याला जागा सोडलेली. जवळ चूल, विडी, ग्राइंडर नको. चिमटे लावताना-काढताना आधी चार्जरचा स्विच बंद, कारण ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीच पडते.

पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, डिस्टिल्डच. बोअरचं नको, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते भांड्यावर दिसतंच. आधी घातलं तर चार्ज होताना ॲसिड वर उतू येतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तेवढ्या झाकतील इतकंच आधी. डोळ्यात उडालं तर लगेच धुवायला पाण्याची बादली पडवीतच ठेवा, निदान पंधरा मिनिटं धूत राहायचं आणि मग दवाखाना.

भाऊ_वैजापूर

लातूरकर, तुमच्यासारखा एलेक-ट्रॅक इकडे आणवला तर त्याचा मूळचा चार्जर चालेल का? १२० चा असतो ना, मधे स्टेपडाउन लावून?

लातूरकर_अमेरिकेत

भाऊ, व्होल्ट जुळवले तरी वारंवारता जुळत नाही. इथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. त्या काळच्या बऱ्याच चार्जरांत कपॅसिटर लावून ट्रान्सफॉर्मर वारंवारतेशी सुरात आणलेला असतो, त्यांचा तर सगळा हिशोबच चुकतो. तिथलाच २३० चा, दुय्यम बाजू पूर्ण वेगळी असलेला ३६ व्होल्टचा चार्जर घ्या. घेताना तपासा: पिन बाहेर काढलेली असताना पिनेच्या दोन्ही दांड्यांपासून डीसी चिमट्यांपर्यंत मीटरने वाट दाखवायला नको, म्हणजे रोध अनंत यायला पाहिजे.

आणि जुना चार्जर उघडलात तर तो कपॅसिटर हाताने हाताळू नका. चारशे-सहाशे व्होल्टपर्यंत असतो आणि पिन काढल्यावरही भरलेला राहू शकतो. आधी रोधातून रिकामा करायचा, मग मीटरने खात्री. १९७९ च्या आधीचा असेल तर आत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, एक विषारी रसायन) तेल असण्याची शक्यता असते, अमेरिकेत त्याच वर्षी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. फुगलेला, पाझरणारा असेल तर उघड्या हाताने उचलू नका, जाळू नका, भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नका. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि कॉन्टॅक्टरच्या आर्क झाकणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं घासू नका, हवेने उडवू नका.

मोसंबी_अंबड

पडवीत हलवतो. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटांची जोडी सांगून ठेवली आहे, ती येईपर्यंत गाडी उभीच. आमच्या शिवारातल्या ज्या शेडांना सळईचा न्यूट्रल आहे त्यांची यादी करतोय. दोघांनी येऊन मोजायला सांगितलंय, आळ्यातला स्क्रूड्रायव्हर आणि मीटर घेऊन उद्या त्यांच्याकडे जातो.

निवृत्त_वायरमन_परभणी

जाताना बूट घाला. पेटी उघडायच्या आधी पंपाचा मेन पाडा, आणि स्टार्टर ऑटोवर असेल तर तो बंदवर टाका. लाइट रात्रीची येते आणि न सांगता येते.